यूएसबी उपकरण न उपटता बंद कसं करतात? लिनक्समधली ही सोय काय आहे?

ऑफिसच्या किंवा कॉलेज लॅबच्या कॉम्प्युटरला कुणीही पेनड्राईव्ह लावू नये, यासाठी सोपा उपाय म्हणजे पोर्टवर चिकटपट्टी लावणं. पण मग कीबोर्ड आणि माऊस कुठे जोडायचे? लिनक्समध्ये प्रत्येक उपकरण सॉफ्टवेअरमधूनच वेगवेगळं रोखता येतं.

परवानगी कोण देतं?

यूएसबी उपकरण जोडलं की ते आधी स्वतःची ओळख सांगतं. मग लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्याला योग्य ड्रायव्हर जोडून देतो. या दोन टप्प्यांच्या मध्ये कर्नलमध्ये २००७ पासून एक फाटक आहे. 'सिसएफएस' या भागात प्रत्येक जोडलेल्या उपकरणाचं एक फोल्डर असतं आणि त्यात 'ऑथराइज्ड' नावाची फाईल असते. रूट अधिकार वापरून तिच्यात ० लिहिलं की उपकरण बंद होतं, १ लिहिलं की पुन्हा सुरू.

म्हणजे वीजही बंद होते का?

नाही. कर्नल फक्त उपकरणाशी बोलणं थांबवतो, पोर्टमधला ५ व्होल्टचा पुरवठा सुरूच राहतो. यूएसबीवर चालणारा साधा पंखा किंवा दिवा तर स्वतःची ओळखही सांगत नाही. त्यामुळे तो या पद्धतीने बंद होत नाही.

फक्त पेनड्राईव्हचा ड्रायव्हर रोखला तर?

'यूएसबी स्टोरेज' हा ड्रायव्हर रोखला की साधे पेनड्राईव्ह उघडत नाहीत. पण २०१४ मध्ये कार्स्टेन नोल आणि याकोब लेल या संशोधकांनी 'ब्लॅक हॅट' परिषदेत 'बॅडयूएसबी' हल्ला दाखवला. पेनड्राईव्हच्या आतलं फर्मवेअर बदललं, तर तो स्वतःला कीबोर्ड म्हणवून घेतो आणि भराभर कमांड टाईप करू शकतो. कीबोर्डचा ड्रायव्हर सुरूच असल्याने त्याला कुणी अडवत नाही.

मग उपाय काय?

'आधी परवानगी, मग प्रवेश' हा. 'ऑथराइज्ड डीफॉल्ट' या फाईलमध्ये ० लिहिलं की त्या कंट्रोलरवर नव्याने जोडलेलं प्रत्येक उपकरण परवानगी मिळेपर्यंत थांबून राहतं. 'यूएसबीगार्ड' हे सॉफ्टवेअर हेच काम नियमांची यादी ठेवून करतं. अर्थात, उपकरण ओळख खोटीही सांगू शकतं. म्हणून नियमात कोणता पोर्ट आणि कोणत्या प्रकारचं उपकरण हेही नमूद करता येतं.

काळजी काय घ्यावी?

चुकून स्वतःचाच कीबोर्ड बंद केला, तर पुन्हा १ लिहिणार कशाने? सिसएफएसमधला बदल कायमचा नसतो, त्यामुळे कॉम्प्युटर रीस्टार्ट केला की कीबोर्ड परत चालू होतो. यूएसबीगार्डचे नियम मात्र रीस्टार्टनंतरही टिकतात. म्हणून आधी जोडलेल्या उपकरणांची यादी तयार करून घ्यावी आणि त्यानंतरच ही सेवा सुरू करावी.