खानदेशच्या कारखान्यांत मन कुठे रमले?

अमळनेर आणि धुळे ही एकेकाळी गिरण्यांची गावे. प्रताप शेठजींच्या गिरण्यांनी पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या कित्येक घरांत महिन्याचा पगार आणला. ती मोठीच गोष्ट होती. पण पगार हातात पडला म्हणजे माणूस समाधानी झाला, असे होत नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० शिकवणारे साने गुरुजी पुढे खानदेशातल्या गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले. १९५९ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी अभ्यासातून मांडले, की पगार आणि सोयी नसतील तर माणूस कुरकुरतो. पण झटून काम करण्यासाठी त्याला जबाबदारी हवी आणि केल्याचे चीज झालेले दिसायला हवे.

अमळनेरात त्याआधीच वेगळे काही घडत होते. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच आजची विप्रो. कामगारांनी, शेतकऱ्यांनी, दुकानदारांनी तिचे शेअर घेतले आणि अनेकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जपले. गावातला कारखाना असा गावाचाही झाला.

जळगावात वाकोदच्या भवरलाल जैन यांनी १९६३ साली ७,००० रुपयांवर रॉकेलचा धंदा सुरू केला. पुढे पाइप, ठिबक, टिश्यू कल्चरची केळी असा विस्तार झाला. नोकरांना सहकारी म्हणण्याची पद्धत त्यांनी घातली; पण मला अधिक मोलाचे वाटते ते तिथल्या कामाचे स्वरूप. कृषितज्ज्ञ केळीच्या बागेत उतरतो, नळी उचलून ड्रिपर तपासतो, खताचे वेळापत्रक सांगतो. वर्षभराने घड कापले जातात, तेव्हा सल्ला लागू पडला की नाही, हे त्याला शेतकऱ्याच्याच तोंडून कळते. असे काम माणसाला धरून ठेवते.

जळगाव एमआयडीसीतल्या चटई कारखान्यातल्या कामगाराला हे कोण देणार? तो पाळीभर लूम सांभाळतो. चटई कोणत्या गावी गेली, कुणी नावाजली, का परत आली, हे त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. मालकांना माझी कळकळीची विनंती आहे: परत आलेला माल त्याच्यासमोर उलगडा, लूम बदलताना आधी त्याला विचारा आणि नफ्यात त्याला कायद्याच्या बोनसपलीकडचा वाटा द्या.