हॉलला ‘फायर’चे प्रमाणपत्र आहे, पण सजावटीला? लग्नसराईआधी जाणून घ्या नियम

भिंगार : तुळशीचे लग्न लागले की भिंगार आणि नगर परिसरातील मंगल कार्यालयांच्या तारखा भरू लागतात. छताला झालरी, स्टेजमागे पडदा, दारात कृत्रिम फुलांची कमान, सगळे एका रात्रीत उभे राहते. आगीच्या दृष्टीने तपासणी होते ती मात्र बहुतेकदा रिकाम्या हॉलची.

नियम काय आहे?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार आगरोधक यंत्रणा बसवणे आणि ती चालू ठेवणे ही इमारतीचा मालक किंवा भोगवटादार यांची जबाबदारी आहे. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. यालाच ‘बी फॉर्म’ म्हणतात.

आता कॅलेंडर पाहा. जुलैचा फॉर्म भरला की गणपती, नवरात्र, दिवाळी आणि मग लग्नसराई. म्हणजे हॉल सर्वाधिक सजतो तो फॉर्म दिल्यानंतर. कागदावर मोकळा असलेला मागचा दरवाजा तोपर्यंत स्टेजच्या पडद्याआड गेलेला असू शकतो.

पडदा एवढा धोकादायक का?

जाड लाकूड पेटायला वेळ लागतो. पातळ, टांगलेल्या कापडाला दोन्ही बाजूंनी हवा मिळते, त्यामुळे ज्योत झपाट्याने वर चढते. छताला लावलेले कापड तर गरम वायूंच्या थरातच असते. सिंथेटिक कापड वितळून जळते थेंब खाली टाकते. थर्माकोलही वितळतो आणि काळा धूर सोडतो. (राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे. कारण पर्यावरणाचे, पण फायदा इथेही होतो.)

मुंबईत २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलमधील गच्चीवरच्या पबना आग लागून १४ जणांचा बळी गेला. हुक्क्याच्या निखाऱ्यातून ठिणगी पडल्याचे अग्निशमन दलाच्या चौकशीत म्हटले होते. बांबू-ताडपत्रीच्या आच्छादनामुळे आग पसरली. बहुतेकांचा मृत्यू गुदमरून झाला. गोव्यात हडफडे येथील नाइट क्लबमध्ये डिसेंबर २०२५ मध्ये २५ जण दगावले.

नगरकरांना दूर जायची गरज नाही. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, ऐन भाऊबिजेला, जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून ११ रुग्णांचा मृत्यू झाला. तिथे सजावटीचा संबंध नव्हता, पण बंद खोलीत बाहेर पडायला किती कमी वेळ मिळतो हे या शहराने पाहिले आहे.

मांडवासाठी वेगळे मानक

मंडप आणि तात्पुरत्या बांधकामांसाठी ‘आयएस ८७५८’ हे भारतीय मानक आहे. छताची उंची किमान ३ मीटर हवी, शेजारच्या इमारतीपासून ३ मीटर मोकळी जागा हवी, वरून विजेची चालू तार नको, सिंथेटिक कापड आणि दोर नकोत. मानक आपोआप बंधनकारक होत नाही. परवानगीच्या अटींत आले की पाळावेच लागते.

कापडावर अग्निरोधक द्रावणाची प्रक्रिया करता येते. त्यात अमोनियम सल्फेट, टाकणखार, बोरिक अ‍ॅसिड, तुरटी असे साधे क्षार असतात. मात्र ते पाण्यात विरघळतात. कापड धुतले किंवा पावसात भिजले की प्रक्रिया पुन्हा करावी लागते. ‘आमचे कापड फायरप्रूफ आहे’ असे डेकोरेटर म्हणाला, तर ‘शेवटची प्रक्रिया कधी केली?’ एवढे विचाराच. दोन इंचांचा तुकडा मागून तो मोकळ्या जागेत, बादलीभर पाणी जवळ ठेवून, चिमट्यात धरून पेटवून पाहता येतो. काडी दूर केल्यावर ज्योत विझली नाही, तर ते कापड हॉलमध्ये नको.

बुकिंग करताना काय पाहाल?

चालू बी फॉर्मची प्रत मागा. सजावट पूर्ण झाल्यावर, पाहुणे यायच्या आधी, एक फेरी मारा. बाहेर पडण्याचे सगळे दरवाजे कुलूप नसलेले आणि बाहेरच्या बाजूला उघडणारे आहेत का? पडदा, कमान किंवा सेल्फी पॉइंटने दरवाजा, ‘एक्झिट’ची पाटी किंवा अग्निशामक सिलिंडर झाकला आहे का? स्प्रिंकलर असतील, तर त्यांच्याखाली कापडाचे छत ताणले आहे का? ताणले असेल तर पाणी आगीपर्यंत पोहोचण्याआधी कापडावरच अडते.

माळांचे उघडे जोड कापडाला टेकू देऊ नका. हॅलोजन आणि पडदा यांत अंतर ठेवा. वधू-वरांच्या एन्ट्रीला कोल्ड पायरो लावायचा हट्ट असेल, तर तो निदान झालरीखाली नको. नाव ‘कोल्ड’ असले तरी त्यातून जळत्या धातूचे कणच उडतात.

आग दिसली तर आधी माणसे बाहेर काढा, मग १०१ किंवा ११२ वर फोन करा. स्टेजवरचे सामान वाचवत बसू नका.