पुढचं गाणं कोण ठरवतं?

लॉस एंजेलिसच्या रॉक रेडिओवर जिम लॅडचा आवाज, मधली काही वर्षं वगळता, चार दशकं घुमला. १९६९ मध्ये लाँग बीचच्या एका छोट्या स्टेशनवर त्याने सुरुवात केली, मग केएलओएस आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून केएमईटी. ‘लोन्सम एल. ए. काउबॉय’ या नावाने शहर त्याला ओळखायचं. दीर्घकाळ टिकलेले निवेदक अमेरिकेत आणखीही आहेत. पण पुढचं गाणं कोणतं हे लॅड स्वतः ठरवायचा आणि हा हक्क त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. त्याचं मोठेपण मला यात दिसतं.

हा हक्क निवेदकांच्या हाती आला तो एका नियमामुळे. १९६० च्या दशकात अमेरिकेत एफएमला फारसं कुणी विचारत नव्हतं. एकाच मालकाची एएम आणि एफएम स्टेशनं बऱ्याचदा तोच कार्यक्रम ऐकवत. मोठ्या शहरांत अशी नक्कल निम्म्याहून अधिक वेळ चालणार नाही, असं सरकारी आयोगाने बजावलं आणि मालकांपुढे प्रश्न पडला, रिकामा वेळ भरायचा कशाने? एप्रिल १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्सवर टॉम डोनाह्यूने वाट दाखवली. तीन मिनिटांच्या हिट गाण्यांचं रहाटगाडगं बंद, अल्बममधली लांब, अनोळखी गाणी सुरू, आणि निवड सर्वस्वी निवेदकाची.

लॅड या शाळेतला. त्या काळच्या स्टुडिओत दोन टर्नटेबल शेजारी शेजारी असत. एकावर गाणं चालू असताना निवेदक हेडफोन लावून दुसऱ्या रेकॉर्डवर सुई ठेवायचा. पहिला सूर सापडला की रेकॉर्ड हाताने किंचित मागे फिरवून बोटांनी तिथेच धरून ठेवायची, खाली टर्नटेबल फिरतच असायचं. आधीचं गाणं विरत आलं की बोटं उचलायची. दोन गाण्यांच्या मध्ये श्वासाएवढीही फट राहत नसे. आणि चालू गाणं संपायच्या आत, चार-पाच मिनिटांत, कपाटातल्या असंख्य रेकॉर्डमधून पुढची शोधायची!

लॅड गाणी विषयाने ओवायचा. समजा विषय युद्धाचा आहे. मग एका गाण्यातल्या सैनिकाला दुसऱ्यातल्या आईचं उत्तर यायचं आणि तिसऱ्यात दोघांवर राज्य करणाऱ्याचा समाचार घेतला जायचा. मध्ये निवेदन अगदी मोजकं. आकाशवाणीच्या ‘आपली आवड’मध्ये श्रोता फर्माईश करायचा, इथे एक माणूस आपली आवड शहरापुढे ठेवायचा आणि तिची जबाबदारीही घ्यायचा.

मग एफएमवर पैसा आला आणि सल्लागार आले. कोणती गाणी किती वेळा वाजवायची हे पाहण्यांवरून ठरू लागलं. कित्येक स्टेशनांत कार्डांची पेटी आली: सगळ्यात पुढच्या कार्डावरचं गाणं लावायचं आणि ते कार्ड मागे टाकायचं. फेब्रुवारी १९८७ मध्ये केएमईटी बंद पडलं. त्याच लहरीवर ‘द वेव्ह’ नावाचं स्टेशन आलं, शांत वाद्यसंगीताचं. सुरुवातीला त्यावर निवेदकच नव्हते. त्याच वर्षी पिंक फ्लॉइडमधून बाहेर पडलेल्या रॉजर वॉटर्सने ‘रेडिओ के.ए.ओ.एस.’ हा अल्बम काढला. त्यातला, साच्यात न बसणारा डीजे जिम म्हणजे लॅडच, आवाजही त्याचाच.

१९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती रेडिओ स्टेशनं बाळगावीत यावरची मर्यादा काढून टाकली. क्लिअर चॅनलसारख्या कंपनीकडे पुढे हजाराहून जास्त स्टेशनं जमली. एका शहरात ध्वनिमुद्रित केलेलं निवेदन दुसऱ्या शहरात ‘स्थानिक’ म्हणून वाजू लागलं. नेमक्या याच काळात, १९९७ मध्ये, लॅड केएलओएसवर परतला आणि तिथे चौदा वर्षं स्वतःच्या निवडीची गाणी लावत राहिला. मोठ्या शहरातल्या व्यावसायिक रेडिओवर हे स्वातंत्र्य असलेला तो जवळजवळ एकटाच उरला होता. टॉम पेटीच्या २००२ च्या ‘द लास्ट डीजे’ या गाण्यामागे लॅडचीच प्रेरणा होती, असं मानलं जातं. ऑक्टोबर २०११ मध्ये, स्टेशनची मालकी बदलल्यावर काही आठवड्यांतच, त्याला काढून टाकण्यात आलं. पुढच्या वर्षी तो उपग्रह रेडिओवर गेला आणि अखेरपर्यंत तिथे बोलत राहिला. १७ डिसेंबर २०२३ रोजी, वयाच्या ७५ व्या वर्षी तो गेला.

आपल्याकडच्या खासगी एफएमवरही आरजे गप्पा मारतो, पण गाण्यांची यादी बहुतेक वेळा वरून आलेली असते. यादीने रेडिओ सुरळीत चालतो हे खरं. पण आपण न मागितलेलं, आपल्याला ठाऊकही नसलेलं गाणं योग्य क्षणी पुढ्यात ठेवायला माणूसच लागतो. लॅडच्या कार्यक्रमांची जुनी ध्वनिमुद्रणं आज इंटरनेटवर सापडतात. त्यातला एक तास सलग ऐका, गाणी पुढे ढकलू नका. त्याचं सगळं म्हणणं त्या क्रमात आहे.