घाण्याचे तेल आणि गिरणीचे तेल

अलीकडे शहरांतून लाकडी घाण्यांची दुकाने पुन्हा दिसू लागली आहेत. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत शेंगदाणा घाण्यात पडतो, तेल निथळून डब्यात भरले जाते, आणि गिरणीच्या तेलाहून पुष्कळ चढा भाव देऊन लोक ते घरी नेतात. दुकानदार सांगतो, हे तेल अमृत आणि पिशवीतले तेल विष. मध्यमवर्गीय घराच्या महिन्याच्या हिशेबात तेल ही काही लहानसहान बाब नव्हे. तेव्हा ह्या जादा पैशांबद्दल आपल्याला नक्की काय मिळते, हे विचारावयास हरकत नसावी.

प्रथम बियांच्या पोटात काय असते ते पाहू. तेल हे बियांच्या पेशींत अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपाने साठविलेले असते. रोपाने मुळे धरीपर्यंत लागणारी ती शिदोरी. शेंगदाण्यात वजनाच्या सुमारे 45 ते 50 टक्के तेल असते, तिळात साधारण तितकेच, सालासकट करडईत सुमारे 30, आणि सोयाबीनमध्ये जेमतेम 18 ते 20. पेशींच्या भिंती फोडून हे थेंब बाहेर आणावयाचे, एवढेच तेल काढण्याच्या सर्व रीतींचे काम. फरक पडतो तो भिंती कशा फोडल्या आणि पुढे तेलाचे काय केले ह्यांत.

घाण्यात उखळ आणि लाट ह्यांच्यामध्ये बी रगडले जाते. मध्येच पाण्याचा हबका मारतात. त्याने चोथा आळतो आणि तेल सुटे होते. बैलाच्या घाण्यात दहा किलोंचा एक घाणा उतरावयास दीड-दोन तास लागत. सावकाश रगडल्यामुळे तेल फार तापत नाही. महात्मा गांधींच्या प्रेरणेने 1934 साली ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हा वर्ध्याच्या मगनवाडीत ह्या जुन्या घाण्याच्या सुधारणेवर मनापासून काम झाले. बैलाचे कष्ट कमी व्हावेत आणि पेंडीत तेल कमी राहावे, हा त्यामागील हेतू. आजच्या घाण्याला बहुधा विजेची मोटार असते, परंतु तत्त्व तेच आहे.

एक्सपेलर हे यंत्र 1900 साली अमेरिकेत अँडर्सन ह्या गृहस्थाने पेटंट केले. त्यात मळसूत्रासारखा दांडा बी पुढे रेटीत नेतो आणि वाट अरुंद होत जाते. बी आधी वाफेवर शिजवून घेतात आणि दाबामुळे ते आणखी तापते. तेल जास्त निघते, पण त्याचा रंगही गडद होतो.

तिसरी रीत द्रावकाची. हेक्झेन हा पेट्रोलच्या जातीचा पातळ द्रव बियांच्या चपट्या केलेल्या पोह्यांवरून सोडतात. तो तेल विरघळवून घेतो. हेक्झेन सुमारे 69 अंशांवर उकळते, म्हणून तापवून त्याची वाफ केली की तेल खाली उरते आणि वाफ थंड करून पुन्हा वापरता येते.

आता थोडा हिशेब करू, कारण सगळी मेख त्यात आहे. शंभर किलो दाण्यांत 48 किलो तेल आहे असे धरा. घाण्याच्या पेंडीत दहा टक्क्यांच्या आसपास तेल राहते, म्हणजे हाती सुमारे 42 किलो येते. एक्सपेलरने 44, द्रावकाने 47 च्या वर. दाण्याच्या बाबतीत हा फरक सोसण्याजोगा आहे. परंतु हाच हिशेब सोयाबीनला लावा. वीस किलोंपैकी एक्सपेलरच्या पेंडीत सहा किलो, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा अडकून राहतो. सोयाबीन किंवा भाताचा कोंडा ह्यांचे तेल द्रावकावाचून परवडतच नाही. ज्या देशाला आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणावे लागते, त्याने हे तेल सोडून द्यावे असे म्हणणे सोपे आहे, पण ते गरिबाच्या चुलीवर बेतेल.

द्रावकाने काढलेले तेल तसेच खावयाचे नसते. ते शुद्ध करूनच विकावे असा आपल्याकडे कायदा आहे, आणि त्यात हेक्झेनचा अंश दहा लाख भागांत पाच भागांहून अधिक चालत नाही. शुद्धीकरणात आधी चिकट द्रव्ये काढतात, मग अल्कलीने मोकळी आम्ले, मग विशिष्ट मातीने रंग, आणि शेवटी निर्वात भांड्यात दोनशे अंशांच्या वर वाफ सोडून वास. ह्या शेवटच्या पायरीवर तेलाचे खरे नुकसान होते. ई जीवनसत्त्वाचा काही भाग वाफेबरोबर जातो, दाण्याचा खमंगपणा जातो, आणि तापमान फार चढविले तर थोडी अनिष्ट द्रव्येही बनतात. कोंड्याच्या तेलातील ओरायझॅनॉल तर अल्कलीच्याच पायरीवर बरेचसे निघून जाते.

मात्र एक गोष्ट मुळीच बदलत नाही. तेलातील स्निग्धाम्लांचे प्रमाण बियांच्या जातीवर ठरते. करडईचे तेल घाण्यातून काढा की गिरणीतून, जातीच्या गुणानुसार त्यातील लिनोलिक आम्ल होते तेवढेच राहते. हृदयाला हितकर म्हणून जे सांगितले जाते ते बहुतांशी ह्या आम्लांवरच अवलंबून असते. तेव्हा घाण्याचे म्हणून तेल हवे तितके ओतावे, हा समज फोल आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेता दोष निघाला खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीत. दमट दाण्यावर वाढणारी एक बुरशी विष तयार करीत होती. ते अफ्लाटॉक्सिन. यकृताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आज सिद्ध आहे. बुरसट दाणा भरडला तर हे विष बहुतेक पेंडीत जाते, पण काही तेलातही उतरते. गिरणीच्या शुद्धीकरणात अल्कली आणि माती ते जवळपास सगळे काढून टाकतात. घाण्याच्या तेलाला हा संस्कार नाही. म्हणजे ज्या तेलावर कमी प्रक्रिया, त्याचे बी अधिक निवडलेले हवे. सरकीची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. तिच्या कच्च्या तेलात गॉसिपॉल नावाचे घातक रंगद्रव्य असते, आणि शुद्ध केल्याशिवाय ते खाण्याच्या उपयोगाचेच नाही.

म्हणून घाण्यावर गेलात तर लाटेकडे पाहण्याआधी पोत्यात हात घालावा. दाणा काळसर, सुरकुतलेला, खवट असेल तर लाकूड कोणत्याही झाडाचे असो, तेल घेऊ नये. आपणच निवडलेला दाणा नेऊन गाळून घेता आला तर उत्तम. तेल दोन-तीन दिवस निवळू द्यावे, वरचे काढावे, आणि उजेड लागणार नाही अशा डब्यात भरून महिना-दीड महिन्यात संपवावे. फोडणीला आणि चटणीवर कच्चे घालावयाला ह्या तेलाची चव खरोखरच दुसऱ्याला नाही. भजी-पुऱ्या तळावयाच्या तर मात्र शुद्ध केलेले तेल बरे, कारण ते उशिरा धुरावते. आणि घाण्याची पेंड मिळाली तर ती सोडू नका. दाणा चांगला असेल तर दुभत्या जनावराला तिच्यासारखे खाद्य नाही.