पाण्याचा पंप काकवीला का चालत नाही? घट्ट माल ओढणाऱ्या लोब पंपाची गोष्ट

बोरगाव (ता. निपाणी) : दूधगंगेच्या पट्ट्यात पंप म्हटला की डोळ्यासमोर येतो तो नदीकाठचा शेतीपंप. फूटव्हॉल्व, प्रायमिंग, जळालेली मोटर हे इथल्या शेतकऱ्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण त्याच शेतातला ऊस कारखान्यात गेला, रस आटून घट्ट झाला, की हा ओळखीचा पंप हात टेकतो. तिथून पुढचं काम दुसऱ्याच जातीच्या पंपाकडे जातं. त्यातलाच एक म्हणजे रोटरी लोब पंप.

शेतीपंप हा सेंट्रिफ्युगल. आतला पंखा मिनिटाला दीड ते तीन हजार फेऱ्यांनी फिरतो आणि पाणी बाहेर भिरकावतो. बेळगावात 1888 साली सायकलच्या दुकानापासून सुरुवात करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर 1910 मध्ये किर्लोस्करवाडीला गेले, आणि त्यांच्या कारखान्यामुळे हा पंप मराठी मुलखात घरोघरी माहीत झाला. पाण्यासाठी त्याला तोड नाही. मात्र काकवीसारखा चिकट माल भिरकावला जात नाही. पंखा जागच्या जागी घुसळत राहतो, मोटर तापते आणि पुढे माल जातो तो नावापुरता.

लोब पंप भिरकावत नाही, तो माल उचलून नेतो. एका बंद डब्यात शेजारी-शेजारी दोन दांडे असतात. प्रत्येकावर दोन किंवा तीन फुगीर पाकळ्यांचा रोटर बसवलेला असतो. या पाकळ्या म्हणजेच लोब. दोन्ही रोटर उलटसुलट दिशेने फिरतात. पाकळ्या एकमेकींपासून दूर होतात तिथे पोकळी होते आणि माल आत येतो. मग पाकळी आणि डब्याची भिंत यांच्यामधल्या खोबणीत बसून तो बाहेरच्या कडेने फिरत पलीकडे पोचतो. अनेकांना वाटतं की माल दोन रोटरांच्या मधून दाबला जातो. तसं नाही. मध्ये पाकळ्या एकमेकींत बसतात, त्यामुळे मालाला मागे यायला वाट उरत नाही.

यातली खरी गंमत अशी की पाकळ्या एकमेकींना टेकतच नाहीत. दांड्यांच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या तेलाच्या डब्यात दोन टायमिंग गिअर असतात. ते फेरी जुळवून ठेवतात. घासणूक नाही, म्हणून लोखंडाचा कीस मालात पडत नाही. गिअरचं तेलही मालापासून लांब राहतं. श्रीखंड, क्रीम, जॅम, चॉकलेट बनवणाऱ्या कारखान्यांत हा पंप दिसतो तो यामुळेच. पुढचं झाकण उघडलं की रोटर हाताशी येतात, धुवायला सोपं.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात लोकरीची गिरणी चालवणाऱ्या रूट्स बंधूंनी गिरणीच्या पाणचक्कीसाठी असे लोब बनवून पाहिले. पाण्यापेक्षा हवा फुंकायला ते जास्त कामाचे निघाले. 1860 मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. आजही सांडपाणी प्रकल्पात टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्राला रूट्स ब्लोअरच म्हणतात.

साखर कारखान्यात याचं महत्त्व वेगळं. पॅनमध्ये रस शिजून साखरेचे दाणे आणि घट्ट पाक यांचं मिश्रण तयार होतं, त्याला मॅसेक्विट म्हणतात. ते हलवायला लोब किंवा त्याच्या चुलत भावंडांतले रोटरी पंप लागतात, तेही अगदी सावकाश फिरणारे. जोरात फिरवलं तर दाणा मोडतो. मोडलेला बारीक दाणा पुढच्या यंत्राच्या जाळीतून निसटून मळीत जातो. म्हणजे साखर गेली, उतारा घटला. उसाची एफआरपी उताऱ्यावर ठरते. 2025-26 च्या हंगामाला ती 10.25 टक्के उताऱ्यासाठी क्विंटलला 355 रुपये आहे. दाण्याची काळजी ही अशी शेतकऱ्याच्याही बिलाची बाब आहे.

आता सवयीतून होणारा घोटाळा. शेतीपंप चालू करताना डिलिव्हरीचा व्हॉल्व बंद ठेवतात, म्हणजे मोटरवर भार कमी येतो. लोब पंपाला हे करायचं नाही म्हणजे नाही. तो प्रत्येक फेरीला ठरलेला माल पुढे ढकलणारच. वाट बंद असेल तर दाब चढत जातो आणि पाइप, सील, दांडा यांपैकी जे कच्चं ते फुटतं. गरम पाक अंगावर आला तर माणूस भाजतो. म्हणून जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व हवाच. तो काढून पैसे वाचवू नयेत. प्रवाह कमी करायचा तर व्हॉल्व आवळायचा नाही, फेऱ्या कमी करायच्या.

गूळ-काकवीचा किंवा दुधाच्या पदार्थांचा छोटा उद्योग काढणाऱ्यांनी आणखी एक बघावं. घट्ट माल वर ओढला जात नाही, त्यामुळे पंप टाकीच्या खाली आणि सक्शनचा पाइप रुंद हवा. थंड पडलेल्या काकवीवर पंप सुरू करू नये, आधी ऊब द्यावी. उलट विहिरीच्या पाण्यासाठी हा पंप घेण्यात अर्थ नाही. पातळ पाणी पाकळ्यांच्या फटीतून मागे सरकतं, आणि वाळू आली तर फटी वाढतात. शेणाच्या राड्यासाठी रबर चढवलेले लोब मिळतात, ते वेगळे.

जुना पंप घेणार असाल तर पुढचं झाकण उघडून दाखवायला सांगा. पाकळ्यांवर किंवा भिंतीवर घासल्याचे चकचकीत पट्टे दिसले तर बेअरिंग किंवा टायमिंग गिअर गेलेत असं समजा, आणि दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव करा.