व्यायाम : सांगितलेला आणि मोजलेला

"रोज किती चालता?" असे विचारले की लिंबायत-उधना भागातील आपले खानदेशी बांधव बहुधा म्हणतात, "डॉक्टरसाहेब, दिवसभर पायावरच असतो!" हे उत्तर खोटे नसते, मात्र ते मोजमापही नव्हे. मधुमेही रुग्णाची गोळी वाढवावी की नाही, हे अशा उत्तरावर ठरत असल्याने त्याची पारख करणे अगत्याचे वाटते.

स्मृतीत ठळक गोष्टी राहतात. सकाळची फेरी आठवते. बसणे मात्र दिवसभर विखुरलेले असल्याने हिशेबातून निसटते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात लोकांनी सांगितलेला बैठा काळ यंत्राने मोजलेल्या काळापेक्षा दिवसाला सरासरी पावणेदोन तासांनी कमी भरला. अमेरिकेत २००३-०४ मध्ये कमरेला गतिमापक बांधून पाहणी केली, तेव्हा पुरेसा व्यायाम करणारे प्रौढ पाच टक्केही निघाले नाहीत. तेथे सलग दहा मिनिटांची हालचालच धरली होती, हेही ध्यानात घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने ही अट २०२० मध्ये वगळली. आपल्याकडे महाराष्ट्रासह चार प्रदेशांतील १४,२२७ व्यक्तींच्या 'आयसीएमआर-इंडियाब' पाहणीत (२०१४) ५४.४ टक्के लोक निष्क्रिय आढळले. हा आकडा प्रश्नावलीचा, म्हणजे सांगितलेला आहे.

म्हणून यंत्रावरच विसंबावे काय? सुरतेत तरी नाही. कापड बाजारात पाठीवर गठ्ठा वाहणाऱ्या हमालाची पावले यंत्र मोजते, ओझे मोजत नाही. उलट हिऱ्याच्या घंटीवर बसणारा कारागीर संध्याकाळी थकून जातो व आपला दिवस कष्टाचा मानतो. तो थकवा डोळ्यांचा आणि खांद्यांचा असतो, पाय स्थिरच असतात. मनगटावरील पट्टी तर हाताच्या हालचालीलाही कधी पाऊल समजते. मोबाईलची गोष्ट निराळीच. तो बिचारा अर्धा दिवस टेबलावर पडून असतो!

मी आता "व्यायाम करता का?" असे विचारीत नाही. "काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय केले, कोठे बसलात, किती वेळ?" असे क्रमाने विचारतो. चार-पाच मिनिटे लागतात. या पद्धतीचा लाभ केवळ बैठ्या रुग्णांनाच होतो असे नाही. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा कामगार "व्यायाम नाही" असेच सांगतो, कारण व्यायाम म्हणजे बागेतले चालणे अशी त्याची समजूत असते. कागदावर तो निष्क्रिय ठरतो, इन्शुलिनची मात्रा त्याप्रमाणे वाढते, आणि रात्रपाळीत पहाटे तीनला त्याची साखर उतरते.