शीट लावण्याआधी

सकाळी ८. ऑटोक्लेव्हमधून ड्रम बाहेर येतो. गॉज, पॅड, फोर्सेप, कात्र्या ट्रेमध्ये लावून घेते. पारशिवनीतल्या आमच्या लहानशा दवाखान्यात ड्रेसिंगचं काम माझ्याकडे आहे. धानाची रोवणी सुरू आहे, म्हणजे दिवसदिवस चिखलात उभे राहिलेले पाय आज येणारच.

८.३०. पहिला तास पुसण्यात जातो. भाजलेल्या हातावर टूथपेस्ट, विळा लागलेल्या बोटावर हळद नि चुना, टाचेच्या भेगेत बिडीची राख. "खून थांबला जी त्यानं," असं सांगतात. हळदीतल्या कुरक्युमिनवर प्रयोगशाळांत भरपूर काम झालं आहे, पण मसाल्याच्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि चुना कातडी जाळतो. मी समजावते, रागावत नाही. बोलणी खाल्लेला माणूस पुढच्या वेळी घरीच बसतो आणि थेट पाय काळा पडल्यावर येतो.

९.३०. आजचं मोठं काम. साठी ओलांडलेले एक काकाजी, कोलितमाऱ्याच्या वाटेवरच्या गावचे. अंगठ्याच्या मुळाशी तळव्याला जखम. "काटा कवा रुतला, मले समजलंच नाही सिस्टर." शुगरने तळपायाची जाणीव गेली आहे, दुखत नाही म्हणून ते त्याच पायावर चालत राहिले.

सलाइनने धुते. जखमेच्या कडेला घट्ट्यासारखी जाड, पांढरट कातडी चढली आहे, ती पात्याने उतरवते. तळाशी पिवळा, चिकट थर आहे. तो फोर्सेपने चिमूट चिमूट सोडवते, खालचे लाल ठिपके दिसून किंचित रक्त येईपर्यंत. मग बोथट सळई हलकेच आत घालून बघते. टोक हाडाला टणक लागलं असतं तर इथेच थांबून नागपूरच्या मेडिकल कॉलेजला पाठवलं असतं. आज लागलं नाही. कागदी पट्टीने लांबी-रुंदी मोजते, फोटो घेते आणि मगच कोलॅजेन या प्रथिनाच्या शीटचं पाकीट फोडते.

शीट हातात कागदासारखी कोरडी लागते आणि सलाइनमध्ये भिजली की मऊ होऊन जखमेच्या तळाला चिकटून बसते. जुनाट जखमेत प्रथिनं तोडणारी विकरं माजलेली असतात, शरीराने नवं काही विणायला घेतलं की ती तोडून टाकतात. बाहेरून दिलेलं कोलॅजेन ती आधी खातात, आणि तेवढ्या उसंतीत शरीराच्या पेशी, वेलाने मांडवावर चढावं तशा, उरलेल्या तंतूंवर सरकतात. मांस भरायचं ते त्यांनीच भरायचं. पू असलेल्या किंवा घाण राहिलेल्या जखमेवर हीच महागाची शीट दोन दिवसांत विरघळून जाते. पैसे पाण्यात, आणि नाव मात्र औषधाचं खराब.

आणखी एक गोष्ट मी पाकीट फोडण्याआधी सांगते: बऱ्याच शीट गुरांच्या ऊतींपासून बनतात, काही माशांपासून. आपल्या अंगाला काय लागणार हे विचारायचा आणि नको म्हणायचा हक्क रुग्णाचा आहे. काकाजींनी माशाची चालेल म्हटलं.

११.३०. चहाचं उकळतं पाणी पोटरीवर सांडलेला मुलगा. त्याच्या आईने पेंचच्या जंगलातलं आग्या मोहोळाचं मध बाटलीत भरून आणलं आहे. तिला हसण्यासारखं यात काहीच नाही. सोलापूरच्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयातले सर्जन डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. निम्म्यांना मध, निम्म्यांना नेहमीचं सिल्व्हर सल्फाडायझिन. १५ दिवसांत मधाच्या गटातल्या ८७ टक्के जखमा भरल्या, दुसऱ्या गटातल्या १० टक्के. मध जंतूंमधलं पाणी ओढून घेतं, ते आम्लधर्मी असतं, आणि त्यातल्या मधमाशीच्या विकरामुळे हायड्रोजन पेरॉक्साईड अगदी थोडं थोडं, सावकाश तयार होतं. तेच पेरॉक्साईड बाटलीतून ओतलं की फेस येतो, लोकांना बरं वाटतं, पण नव्या पेशीही मरतात. तरी आईची बाटली मी परत दिली. कच्च्या मधात जंतूंचे बीजाणू असू शकतात. जखमेसाठीचं मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं असतं.

"वारा लागू द्या, खपली धरू द्या," असा तिचा आग्रह. १९६२ मध्ये लंडनच्या जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर दाखवून दिलं की झाकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमेवर कातडी उघड्या, वाळलेल्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने येते. म्हणून पॅराफिनची जाळी, पॅड आणि पट्टी.

१.३०. डबा.

२.३०. एक आजी. कुष्ठरोग औषधांनी कधीच बरा झाला, पण तळव्याची संवेदना परतली नाही आणि तीच जागा पुन्हा फुटते. इथे मी शीट लावत नाही. एमसीआरची, म्हणजे मऊ रबराच्या तळाची, चप्पल झिजून सपाट झाली आहे, जखमेवर सगळा भार पडतो. भार काढल्याशिवाय त्या पायावर जगातलं कुठलंही साहित्य टिकणार नाही. नव्या चपलेसाठी चिठ्ठी लिहिते. शीटपेक्षा ती चिठ्ठी मोलाची आहे.

४. रजिस्टर. शुगरच्या पायाची जखम चार आठवड्यांत निम्मी झाली नाही तर त्याच उपचाराने ती भरण्याची शक्यता कमी असते. अशी नावं लाल पेनाने लिहून वरच्या रुग्णालयात पाठवायची.

५. दार लावायच्या आधी बाकावरच्यांना सांगते तेच तुम्हालाही सांगते. घरात कुणाला शुगर असेल तर रोज रात्री दिव्याखाली त्यांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. डोळे अधू असतील तर नातवाला बघायला लावा. लहानशी जखम दिसली तर साध्या स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाने झाका, वर काही लावू नका आणि दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठा.